शेजारणीचे मसूर

दफनभूमीतून परतलेल्यांनी फाटकाजवळच्या नळावर हात धुतले आणि ओल्या हातांनीच घरात आले. मेलबर्नचा जुलै हाडात शिरतो. एलीची बोटं लालभडक झाली होती, झाकीकाकांचे दात वाजत होते. आणि अलेग्रा, जिला कालपर्यंत सगळे नेसिमची बायको म्हणत आणि आजपासून काय म्हणणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, ती अंगावरचा कोट न काढताच जमिनीवरच्या गादीवर टेकली.

लेकीला कडेवर घेऊन सिमोन दारात उभी होती. सासऱ्यांना पोचवायला ती गेली नव्हती. मागे राहून सोफे भिंतीला सरकवायचे, गाद्या अंथरायच्या, आरशांवर चादरी टाकायच्या, हे सुनेचं काम. ते सगळं झालं होतं. फक्त स्वयंपाकघरातला गॅस बंद होता आणि तो बंदच राहायचा होता.

ज्यू रीतीत माणूस मातीआड करून आलेल्यांनी पहिला घास स्वतःच्या घरचा खायचा नसतो. तो दुसऱ्याच्या घरून यावा लागतो, आणि तो मसुरांचा असतो. अख्ख्या, गोल मसुरांचा. मसुराला तोंड नसतं आणि ज्याचं माणूस गेलं त्यालाही त्या दिवशी तोंड नसतं, असं नेसिम सांगायचे. सिमोनला स्वतःला सुतक नव्हतं. ते फक्त नवरा-बायकोला, आईबापांना, मुलांना, भावंडांना. पण तिचा गॅस म्हणजे एलीचाच गॅस. तिच्या हातचंही चालणार नव्हतं.

“फोर्त्युनेमावशी कुठे राहिल्या?” एलीने विचारलं.

“येतीलच. दोन घरं तर सोडून आहेत.”

“दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईला एवढा वेळ लागतो? आईने सकाळी गोळ्या घेतल्यात. पोटात कण नाही.”

सिमोनने सासूकडे पाहिलं. अलेग्रा दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवून बसली होती. कोटाची उजवी कड फाडलेली. नवऱ्यासाठी, भावासाठी उजवी. एलीच्या कोटाची मात्र डावी बाजू पार खिशापर्यंत उसवली होती, कारण आईबापासाठी फाडायचं ते काळजावरच.

“बिस्किट तरी देऊ का, आई?” सिमोनने वाकून विचारलं.

“घरचं?” अलेग्राने डोळे मिटूनच म्हटलं. “पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या दारी मसूर पोचवलेत मी. माझ्या दारी येईपर्यंत थांबीन.”

तेवढ्यात फाटक वाजलं.

पुढे फोर्त्युने. अलेक्झांड्रियापासूनची शेजारीण, समुद्र बदलला तरी शेजार न सोडलेली. तिच्या एका हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा, दुसऱ्यात पाव आणि थर्मास. आणि तिच्या मागून, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं मोठं पातेलं पोटाशी धरून, एक उंच बाई पायऱ्या चढत होती. सिमोनने तिला कधी पाहिलं नव्हतं. या घरात तिचा एक फोटो नव्हता. पण हनुवटी नेसिमची होती.

एलीने ओसरीवरच वाट अडवली.

“ही कोण, मावशी?”

ओळखून विचारलं होतं. आवाज इतका सपाट होता की दुसरं काही असूच शकत नव्हतं.

“सूप आलंय,” फोर्त्युने म्हणाली. “पातेलं तापलेलं आहे. वाट दे.”

“पातेलं मी घेतो. तिला म्हणावं मागे फिर.”

“हात भाजेल तुझा.”

“भाजू दे.”

“एली,” ती बाई म्हणाली. “मी राशेल.”

“राशेलचे मसूर आम्ही खाऊन बसलोय. अकरा वर्षं झाली. ज्या दिवशी तू त्या माणसाशी रजिस्टर लग्न केलंस, त्याच संध्याकाळी. बाबा बसले, काका बसले, मी बसलो. सातही दिवस, याच खोलीत, जमिनीवर. मेलेलं माणूस पातेलं घेऊन येत नाही.”

सिमोनने लेकीला नकळत घट्ट धरलं तशी ती कुरकुरली. ही गोष्ट तिला लग्नाआधीच कळली होती. धर्माबाहेर लग्न केलं म्हणून सासऱ्यांनी जिवंत मुलीचं सुतक पाळलं, असं कुणीतरी कॉलेजात दबक्या आवाजात सांगितलं होतं. तेव्हा वाटलं होतं, जुनी माणसं, जुना देश. नेसिमबरोबर ते सगळं जाईल. आता तेच वाक्य तिच्या नवऱ्याच्या तोंडून येत होतं, आणि त्याचा आवाज जराही चढलेला नव्हता. ओरडला असता तर तिला कमी भीती वाटली असती.

राशेलने पातेलं किंचित वर घेतलं. “मग मेलेली म्हणून नको घेऊस. शेजारीण म्हणून घे. मसूर घेऊन आलेल्या शेजारणीला दारातून परतवतात का?”

“कोण आहे रे?” आतून झाकीकाकांचा आवाज आला.

एली क्षणभर बहिणीकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळल्यासारखं झालं.

“कुणी नाही, काका. शेजारीण आहे.” मग हळू आवाजात, “ठीक. शेजारीण म्हणून ये. स्वतःच्या हाताने वाढ, भांडं उचल, चालू लाग. आईशी एक शब्द बोलायचा नाही.”

“आलेल्याने आधी तोंड उघडायचं नसतं, हे मलाही माहीत आहे,” राशेल म्हणाली. “मी याच घरात वाढले.”

स्वयंपाकघरात फोर्त्युनेने झाकण काढलं. वाफेबरोबर जिऱ्याचा खमंग वास सगळीकडे पसरला. मसूर शिजून मऊ झाले होते, पण मोडले नव्हते. मुरून मात्र घट्ट होऊन बसले होते. राशेलने थर्मासमधलं गरम पाणी थोडं थोडं ओतत, पळीने तळापासून ढवळायला सुरुवात केली.

“फार पातळ नको गं,” फोर्त्युने म्हणाली.

“बाबांना चमचा उभा राहील असं लागायचं. मूठभर तांदूळ घातलाय त्यासाठी.” तिने लसूण आणि मीठ एकत्र चेचून आणलेलं वाटीतून आत सोडलं.

“दुपारभर माझ्या गॅसपुढे उभी होती,” फोर्त्युने सिमोनला सांगू लागली. “कांदा काळा होईपर्यंत परतत होती आणि रडत होती. म्हटलं, कांद्यानेच म्हण, सोपं पडेल. तिच्या घरच्या भांड्यातलं हे लोक शिवणार नाहीत, मग म्हटलं माझ्या घरी कर. भांडी माझी, सगळं धर्माच्या नियमातलं. आता एलीला काय बोलायला जागा आहे?”

“जागा त्याने शोधली, मावशी,” सिमोन म्हणाली.

राशेल लिंबू पिळत होती. बिया तळहातावर अडकत होत्या, त्या ती एकेक करून ओट्यावर ठेवत होती.

“तुम्ही वाढलंत तर संपलं,” सिमोन पुढे झाली. “कळतंय ना तुम्हाला? सुतक असलेला माणूस वाढत नाही. तुम्ही वाडगा पुढे केलात की सगळ्यांदेखत कबूल केलंत, तुमचं कुणी गेलं नाही. पुन्हा कधी कुणाला काही म्हणायला तोंड उरणार नाही तुम्हाला.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय?” राशेलने हात फडक्याला पुसले. “गीलाँगहून इथे यायला तासभर लागतो. अकरा वर्षांत हा तास मला जमला नाही. बाबा गेल्याचं मला मावशीकडून कळलं, ते पण आज सकाळी. आता मला आईला बघायचंय. तिच्या हातात गरम काहीतरी द्यायचंय. शेजारीण तर शेजारीण. टेरी, माझा नवरा, बाहेर गाडीत बसलाय. त्याला म्हटलं, इंजिन चालूच ठेव.” मग तिचं लक्ष सिमोनच्या कडेवर गेलं. “हिचं नाव काय?”

“अलेग्रा. आईंचं ठेवलं.”

“हो, ठेवतातच,” राशेल म्हणाली आणि पातेल्यात पाहत राहिली.

सिमोन बाहेर आली. एली बोळात, चादर टाकलेल्या आरशासमोर उभा होता, जणू त्यात काही दिसत होतं.

“एली.”

“आत्ता नाही, सिमोन.”

“आत्ताच. हिने उद्या असं केलं,” तिने लेकीला थोडं पुढे केलं, “तर हिच्यासाठीही बसशील?”

“ही असं करणार नाही.”

“मी ते विचारलं नाही.”

एलीने मुलीच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला, आणि आत निघून गेला.

दिवाणखान्यात उजेड मावळत चालला होता. झाकीकाका भावाच्या रिकाम्या खुर्चीला पाठ करून बसले होते, एली त्यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि भिंतीच्या कडेला अलेग्रा. राशेल वाडगा घेऊन आत आली. वर काळपट तळलेला कांदा, बाजूला पावाचा तुकडा. झाकीकाकांनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडून अर्धाच श्वास बाहेर पडला. ते एलीकडे पाहू लागले. एली जमिनीकडे.

राशेल आईपुढे गुडघ्यांवर बसली आणि वाडगा पुढे धरला.

आलेल्याने आधी बोलायचं नाही, ज्याचं गेलं त्याने बोलल्यावरच बोलायचं. राशेलचे हात ताठ होते. वाडग्यातून वाफ निघत होती आणि दोघींच्या मधे विरत होती. अलेग्रा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती; सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग पुन्हा वर. सिमोनला वाटलं, आता हात पुढे होईल. भुकेने तरी होईल. आणि तिला कळेना, तो व्हावा असं आपल्याला वाटतंय की नको.

अलेग्राने तळहाताने वाडगा मागे लोटला.

“हे मला चालणार नाही.”

थोडं सूप राशेलच्या मनगटावर सांडलं.

“ऐकलंस?” एली म्हणाला. “झालं समाधान? उचल आता.”

राशेल उठू लागली.

“तुला कुणी उठ म्हटलं?” अलेग्रा म्हणाली. “आणि एली, माझं बोलणं संपलेलं नाही. बापाला ठेवून आल्या आल्या आईच्या तोंडातलं वाक्य ओढायला लागलास?” ती पुन्हा मुलीकडे वळली. आवाज घोगरा होता, दोन दिवस न वापरल्यासारखा. “एवढं विसरलीस गीलाँगला जाऊन? सुतक्याच्या हातचं सुतक्याला चालत नाही. ज्याचा बाप गेला त्याने वाढायचं नसतं. खाली बसायचं असतं.”

राशेल वाडगा हातात घेऊनच पुन्हा खाली टेकली. फोर्त्युने लगबगीने पुढे आली आणि तो काढून घेतला.

“आई,” एली उठून उभा राहिला. “बाबांनी हिचं सुतक पाळलंय. हे बोलून तू बाबांना खोटं पाडतेस. आजच्या दिवशी.”

“तुझ्या बाबांनी पाळलं. तुझ्या काकांनी आणि तू. मी कुठे होते रे त्या सात दिवसांत?”

“म्हणजे? इथेच.”

“इथे म्हणजे कुठे? आठव. गादीवर? जमिनीवर? झाकी, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस, फक्त उशिरा बोलतोस.”

झाकीकाकांनी खिशातून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरला. “वहिनी उभ्या होत्या,” ते अखेर म्हणाले. “आत. आम्हाला कॉफी देत होत्या, येणाऱ्याजाणाऱ्यांचं बघत होत्या. मी एकदा म्हटलं, वहिनी, बसा. तर म्हणाल्या, भांडी कोण घासेल?”

“आणि पहिल्या दिवशीचे मसूर?”

“ते...” काका थांबले. त्यांना काहीतरी हळूहळू उमगताना सिमोनला दिसलं. “ते घरचेच होते.”

“माझ्या हातचे,” अलेग्रा म्हणाली. “माझ्या गॅसवर, माझ्या पातेल्यात. फोर्त्युने घेऊन आली होती, मी तिला दारातून परत पाठवली. स्वतः शिजवले आणि तुम्हा तिघांपुढे ठेवले. तुम्ही जेवलात. कायदा इतका तोंडपाठ असलेली तीन माणसं, पण एकाला सुचलं नाही की ज्या घरात मूल गेलंय त्या घरची आई त्या दिवशी गॅस पेटवत नाही. मी पेटवला. कारण माझं कुणी गेलं नव्हतं.”

बाहेर रस्त्यावर एक गाडी गेली. तिचे दिवे छतावरून सरकत गेले.

“मग अकरा वर्षं गप्प का राहिलीस?” हे एलीने विचारलं, पण प्रश्न राशेलचाही होता, कारण ती लगेच म्हणाली, “मी फोन करत होते, आई. तू उचलला नाहीस.”

“नाही उचलला.”

“एकदाही नाही.”

“नाही.” अलेग्राने सारवासारव केली नाही. “नवरा घरात होता. तेवढी शूर नव्हते मी. मसूर शिजवण्यापुरती होते.”

राशेलने मान खाली घातली. माफ केलं असं त्यात काही दिसलं नाही. पण ती उठलीही नाही.

झाकीकाका खाकरले. “वहिनी, पण मग या सुपाचं काय? रांधलं तर हिनेच. म्हणजे हे पण...”

“मसूर माझे,” फोर्त्युने कडाडली, “कांदे माझे, गॅस माझा, पातेलं माझ्या सासूचं! हिचे होते ते फक्त हात, आणि तेही मी उसने घेतले होते. वाढणार मी. आणखी काही, रब्बीसाहेब?”

“नाही नाही. मग चालेल.” काका घाईने म्हणाले. “अंडं पण दे.”

फोर्त्युनेने पहिला वाडगा अलेग्राच्या हातात दिला आणि ती नीट धरेपर्यंत आपले हात खाली धरून ठेवले. अलेग्राने एक चमचा घेतला, दुसरा घेतला. तिच्या ओठांना रंग येईपर्यंत सिमोन मोजून श्वास घेत होती. मग अलेग्राने चमचा वाडग्यात ठेवला.

“हिचं कापड फाडलेलं नाही. फाडल्याशिवाय कशी बसेल? एली, सुरी आण.”

एली हलला नाही. “मी नाही, आई. तू म्हणतेस ते... मला काही माहीत नाही. पण माझ्या हातून नाही.”

“तुझ्या हातून नकोच. बाईचं कापड बाईनेच कापायचं असतं.” अलेग्राची नजर सिमोनवर येऊन थांबली. ती विनंती नव्हती, आज्ञाही नव्हती. ती फक्त थांबली होती.

सिमोनने नवऱ्याकडे पाहिलं. ‘जाऊ नकोस’ हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. रात्री या खोलीचे दिवे मालवल्यावर त्याच्याशी काय बोलणं होईल, ते कितीतरी दिवस कसं चालेल, हे सगळं तिला एका क्षणात दिसलं. ती त्याच्याजवळ गेली आणि कडेवरची अलेग्रा तिने त्याच्या हातात दिली. घ्यावीच लागली त्याला. मूल कुणी खाली टाकत नाही.

शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन ती आली तेव्हा राशेल उभी होती. फाडताना उभंच राहायचं असतं.

“डावीकडे,” भिंतीकडून अलेग्रा म्हणाली.

सिमोनने राशेलच्या स्वेटरखालच्या ब्लाउजची गळपट्टी चिमटीत धरली. कापड नवं होतं. ही बाई नवा ब्लाउज घालून शेजारीण व्हायला आली होती. कात्री बोटभर आत गेली. सिमोनने हात मागे घेतला. पुढचं राशेलचं होतं. तिने दोन्ही कडा धरल्या, आणि खरा न्याय करणाऱ्या देवाच्या स्तुतीचे ते हिब्रू शब्द म्हणायला लागली. मधेच अडखळली. झाकीकाकांनी खालमानेने पुढचा शब्द दिला. तो तिने उचलला, वाक्य पुरं केलं आणि कापड ओढलं. खोलीत तेवढाच एक आवाज झाला.

गादीवर जागा नव्हती. अलेग्रा सरकली, पण ती सरकून किती सरकणार? जागा व्हायची तर एलीच्या बाजूने व्हायला हवी होती. तो परत बसला होता आणि मांडीवर मुलगी त्याच्या फाटक्या कोटाचा धागा ओढत होती. त्याने तिला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि स्वतः काकांच्या अंगावर रेलला. राशेल त्या फटीत बसली. दोघांच्या खांद्यांमध्ये एक हात जाईल एवढी जागा राहिली आणि ती कुणी भरली नाही.

फोर्त्युनेने तिलाही वाडगा दिला. राशेल हळूहळू खाऊ लागली. स्वतःच्याच हातचं, दुसऱ्याच्या घरून आलेलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला पुरुष जमायला लागले. ओसरीवर बूट वाजले, गारठ्याबरोबर कोटांचा वास आत आला. सर्वांत पुढे म्हातारे अल्बेर हाज्जान, सिनेगॉगमधले सगळ्यांत जुने. अकरा वर्षांपूर्वीही तेच पुढे होते, असं सिमोनने ऐकलं होतं. रीतीप्रमाणे ते एकेकापुढे वाकत निघाले. “स्वर्गातून तुमचं सांत्वन होवो,” अलेग्राने मान हलवल्यावर तिला. मग पुढे सरकले आणि राशेलपुढे थबकले. फाटलेल्या कापडाकडे पाहिलं, डावी बाजू. मग चेहऱ्याकडे. त्यांच्या मागे रांग खोळंबली.

राशेलने तोंड उघडलं नाही. अलेग्रानेही नाही. ती वाडग्यात पाहत होती, पण चमचा हलत नव्हता. म्हाताऱ्यांनी एलीकडे पाहिलं. घरचा पुरुष आता तोच होता.

“एली,” ते म्हणाले, “ही कोण म्हणायची?”

एलीने मुलीच्या मुठीतून कोटाचा धागा सोडवला. तिने तो परत पकडला.

“बाबांची मुलगी,” तो म्हणाला.

माझी बहीण, असं म्हणाला नाही. ते राशेलच्याही लक्षात आलं. तिची पापणी एकदाच मिटली. पण हाज्जान म्हाताऱ्यांना तेवढं पुरलं. गुडघ्यावर हात टेकून ते तिच्यापुढे वाकले.

“स्वर्गातून तुझं सांत्वन होवो,” ते म्हणाले, आणि रांग पुढे सरकली.